लघुमूर्तींवरील पांढऱ्या रंगाचे छायांकन

लघुमूर्तींवरील पांढऱ्या रंगाचे छायांकन म्हणजे धातू, राळ किंवा प्लॅस्टिकच्या लहान मूर्तींवर पांढरे वस्त्र, चिलखत, केस, पिसे अथवा संगमरवर दाखवताना उजेड व सावली यांचा आभास रंगानेच निर्माण करण्याची तंत्रे होत. युद्धखेळातील सैन्ये, ऐतिहासिक सैनिकांच्या प्रतिकृती आणि प्रदर्शनासाठी रंगवलेल्या मूर्ती यांमध्ये ही तंत्रे वापरली जातात. या छंदात पांढरा हा सर्वांत अवघड रंगांपैकी एक मानला जातो.

छायांकनाची गरज
१:७२ या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस सुमारे २५ मिलिमीटर भरतो, तर ५४ मिलिमीटरची मूर्ती साधारणपणे १:३२ प्रमाणाची असते. इतक्या लहान आकारावर वस्त्राच्या चुण्या फारच उथळ असल्याने खोलीतील उजेडाने त्यांत ठळक सावली पडत नाही. त्यामुळे एकसारखा पांढरा रंग दिलेली मूर्ती सपाट दिसते व तिचे बारकावे हरवतात. इतर रंगांत उजळ भागांसाठी मूळ रंगात पांढरा मिसळता येतो. पांढऱ्यापेक्षा उजळ रंग मात्र उपलब्ध नसतो. म्हणून मूर्तीचा बहुतांश ‘पांढरा’ भाग प्रत्यक्षात फिकट राखाडी, हस्तिदंती किंवा निळसर छटेत रंगवला जातो आणि शुद्ध पांढरा रंग केवळ कडा व उंचवटे यांसाठी राखून ठेवला जातो.

रंगद्रव्य व त्याच्या मर्यादा
पूर्वी पांढऱ्या रंगासाठी पांढरे शिसे व जस्ताचा ऑक्साइड वापरत. विसाव्या शतकात त्यांची जागा मुख्यत्वे टायटॅनियम डायऑक्साइडने घेतली. या रंगद्रव्याच्या रुटाइल प्रकाराचा अपवर्तनांक सुमारे २.७ असून जस्ताच्या ऑक्साइडचा सुमारे २.० आहे. ॲक्रिलिक बंधकाचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्याने टायटॅनियमचे कण प्रकाश अधिक विखुरतात आणि रंग अधिक अपारदर्शक होतो.

तरीही पांढरा रंग काळ्याइतका सहज झाकत नाही. काळा रंग प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे त्याचा पातळ थरही पुरतो. पांढरा रंग केवळ प्रकाश विखुरून झाकतो. पातळ थरातून आत गेलेला प्रकाश खालच्या गडद रंगात शोषला जातो आणि पृष्ठभाग मळकट दिसतो. जाड थर दिल्यास बारकावे बुजतात. रंगात केवळ पाणी फार मिसळल्यास बंधक विरळ होते, रंगद्रव्याचे कण खाचांत व थराच्या कडेला गोळा होतात आणि वाळल्यावर पृष्ठभाग खडूसारखा खरखरीत होतो. यावर उपाय म्हणून पाण्यासोबत पारदर्शक ॲक्रिलिक माध्यम वापरले जाते आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा पातळ थर दिला जातो.

छटेची निवड
सावलीची छटा वस्तूचा पोत व वातावरण सूचित करते.
• थंड छटा: निळसर राखाडी सावली बर्फ, संगमरवर व गुळगुळीत चिलखत यांसाठी योजतात. उघड्यावरील सावलीत निळ्या आकाशाचा प्रकाश पोहोचत असल्याने ही छटा नैसर्गिक वाटते.
• उबदार छटा: तपकिरी, मातकट किंवा हाडासारखी पिवळसर सावली लोकर, जुने कापड, पट्ट्या व चर्मपत्र यांसाठी वापरली जाते.
• तटस्थ छटा: केवळ काळा व पांढरा मिसळून केलेली राखाडी सावली वापरल्यास वस्तू पांढरी न वाटता राखाडी वाटण्याचा संभव असतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये मांडलेला रंगांच्या समकालिक विरोधाचा नियम येथे उपयोगी पडतो. शेजारी गडद रंग असल्यास फिकट राखाडीही पांढरा भासतो. त्यामुळे पट्टे, शिवण व चिलखताचे सांधे यांच्या कडेने बारीक गडद रेषा काढली जाते.

प्रमुख तंत्रे
• अस्तर: पांढऱ्या भागासाठी काळ्याऐवजी फिकट राखाडी किंवा पांढरे अस्तर देतात. दुसऱ्या पद्धतीत आधी गडद अस्तर देऊन वरून पांढरा रंग फवारला जातो. त्यामुळे उजेडाची दिशा आरंभीच निश्चित होते.
• थरांकन: मध्यम राखाडीपासून क्रमाने उजळ छटा देत, प्रत्येक थराचे क्षेत्र आधीच्यापेक्षा लहान ठेवले जाते.
• झिलई: अतिशय पातळ व पारदर्शक रंगाचे थर देऊन दोन छटांमधील सीमा मऊ केली जाते.
• खाचांतील वॉश: पातळ गडद रंग केवळ खाचांत सोडला जातो. तो संपूर्ण पृष्ठभागावर पसरल्यास पांढरा भाग डागाळतो.
• कोरडा ब्रश: केस, लोकर व पिसे यांवर परिणामकारक, गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र खरखरीत ओरखडे दिसतात.
• तैलरंग: वाळलेल्या ॲक्रिलिक रंगावर संरक्षक वॉर्निश देऊन त्यावर तैलरंगाची सावली लावली जाते. हा रंग सावकाश वाळत असल्याने नको असलेला भाग नंतर पुसून घेता येतो.

उदाहरणे
नेपोलियनच्या काळातील ऑस्ट्रियन पायदळाचा पांढरा कोट हे ऐतिहासिक लघुमूर्तींमधील परिचित उदाहरण आहे. हे कापड लोकरी असल्याने उबदार किंवा फिकट राखाडी छटा त्याला शोभते. ‘स्टार वॉर्स’मधील स्टॉर्मट्रूपरच्या चकचकीत चिलखतासाठी थंड छटा व तीव्र उजळ कडा योजतात. पांढरे दिसणारे बहुतेक घोडे वस्तुतः वयानुसार पांढरे झालेले राखाडी घोडे असतात व त्यांची त्वचा काळसर असते. म्हणून त्यांचे नाक, ओठ व डोळ्यांभोवतीचा भाग गडद रंगवला जातो.

सुरक्षितता
पांढरे शिसे विषारी आहे. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने रंगकामातील त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार स्वीकारला. जुन्या रंगवलेल्या मूर्ती घासताना निघणाऱ्या धुळीत शिसे असू शकते. त्यामुळे कोरडे घासणे टाळले जाते. टायटॅनियम डायऑक्साइड गिळण्यापेक्षा श्वासावाटे गेल्यास अधिक चिंतेचा मानला जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे होणाऱ्या संपर्काच्या संदर्भात त्याचा समावेश ‘संभाव्य कर्करोगकारक’ या २ब गटात केला आहे. त्यामुळे एअरब्रशने पांढरा रंग फवारताना योग्य मुखावरण आणि हवा बाहेर टाकण्याची व्यवस्था आवश्यक ठरते.