पेट्रोल ढकलावे, ओढू नये

फेलिक्स वँकेलचे नाव इंजिनाला चिकटले, पण तो मूळचा सीलवाला. १९०२ साली जर्मनीतल्या लार गावी जन्मलेल्या या माणसाकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. तरुणपणीच तो नाझी पक्षात गेला. त्याच्याबद्दल लिहिताना हे झाकून ठेवू नये. १९३०च्या दशकात लिंडाऊच्या कार्यशाळेत तो जर्मन हवाई मंत्रालयासाठी काम करत होता. विमानाच्या इंजिनातला फिरता व्हॉल्व्ह गळू कसा द्यायचा नाही, हे त्याचे काम. एक भाग फिरतोय, दुसरा स्थिर आहे आणि दोहोंच्या फटीतून दाबाखालचा वायू निसटता कामा नये, या एका प्रश्नावर त्याने कितीतरी वर्षे घातली. त्यातूनच पुढे त्याचे इंजिन आले. १ फेब्रुवारी १९५७ रोजी एनएसयू कंपनीत ते पहिल्यांदा चालले. त्यात वर-खाली करणारा दट्ट्या नाही, व्हॉल्व्ह नाहीत. तीन कोनांचा रोटर फिरतो आणि प्रत्येक कोनावर एक सील असते.

मी भोसरीच्या गाळ्यात आयुष्यभर रबरी सील केली. कंपाउंड मळायचे, मोल्डमध्ये दाबायचे, शिजवायचे, फ्लॅश कापायचा आणि मग तपासायचे. म्हणून वँकेलचे इंजिन मला नेहमी आमच्या धंद्यातली वस्तू वाटत आले आहे. त्याची पुढची कथाही सीलचीच आहे. हिरोशिमाच्या तोयो कोग्योने, म्हणजे आजच्या माझदाने, १९६१ साली एनएसयूशी करार केला. सुरुवातीची इंजिने काही तास चालली की आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठत. जपानी कामगार त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांच्या ४७ इंजिनिअरांनी शोधून काढले की कोनावरचे सील ठरावीक वेगाला थरथरते आणि भिंत खरवडते. अखेर ॲल्युमिनियम जिरवलेल्या कार्बनचे सील निघाले आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली.

इंजिनाच्या आतले सील असे कारखान्यात, पैसा आणि माणसे लावून सुटले. तेच इंजिन लोकांनी घरी बांधलेल्या विमानात बसवले, तेव्हा बाहेरचा प्रश्न उभा राहिला: याला पेट्रोल कोणत्या पंपाने द्यायचे आणि त्या पंपाचे सांधे कसे बंद करायचे? त्याचे उत्तर गॅरेजांमध्ये शोधले गेले. मला हा शोध सीलच्या इतिहासातला मोलाचा धडा वाटतो.

घरी विमान बांधण्याची अमेरिकेतली परंपरा जुनी आहे. मिनेसोटातल्या बर्नार्ड पिटेनपोलने १९२९ साली फोर्डच्या मोटारीचे इंजिन लावून आपले एअर कँपर उडवले. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली आणि १९७०पासून तिचा वार्षिक मेळा ऑशकॉशला भरतो. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधले, ते याच जातीचे वेड. १९७८मध्ये माझदाची आरएक्स-७ ही गाडी आल्यावर अमेरिकेत अपघातग्रस्त गाड्यांमधून रोटरी इंजिने स्वस्तात मिळू लागली. १३बी हे त्यांतले आवडते: दोन रोटर, प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटर, आकाराने लहान. व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे व्हॉल्व्ह तुटून इंजिन बसण्याची भीती नाही.

आणि नेमकी इथेच अडचण आली. व्हॉल्व्ह नाहीत म्हणजे कॅमशाफ्टही नाही. नेहमीच्या विमान इंजिनावर, समजा लायकमिंगवर, इंजिनानेच हलणारा डायफ्रामचा पंप असतो. तो अर्ध्यापासून आठ पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) दाब देतो, वीज गेली तरी चालतो आणि त्याच्या जोडीला विजेचा पंप राखीव असतो. अमेरिकेच्या विमान नियमांतही एक पंप इंजिनावर चालणारा आणि दुसरा आणीबाणीचा, अशीच विभागणी होती. माझदाच्या इंजिनात असा पंप हलवायला सोयीची जागाच नाही. गाडीतही तिथे विजेचा पंप होता. म्हणजे विमान बांधणाऱ्याला दोन्ही पंप विजेचे ठेवावे लागले आणि त्यांच्या मागे दोन स्वतंत्र विद्युत मार्ग, बहुतेकदा दोन बॅटऱ्या. एक कॅम नाही म्हणून विमानाची अख्खी वायरिंग बदलली.

पंपाचा मागचा इतिहास पाहिला की या बदलाचे वजन कळते. राईट बंधूंच्या १९०३च्या विमानात पंप नव्हताच. वरच्या छोट्या टाकीतून पेट्रोल आपोआप खाली येई. आपल्या फ्लाइंग क्लबांत पिढ्यान्‌पिढ्या वैमानिक ज्यावर शिकले, त्या टायगर मॉथची टाकीही वरच्या पंखाच्या मधोमध होती. गुरुत्वाकर्षण बिघडत नाही. पण टाकी खाली गेली की काहीतरी करणे भाग पडते. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलमध्ये एका खांबावर वाऱ्याने फिरणारा छोटा पंप असे. तो पेट्रोलला हात लावत नसे. टाकीत हवा भरे आणि हवा पेट्रोलला पुढे ढकले. टाकीला गोळीचे भोक पडले की दाब गेला. मग वैमानिक गुरुत्वाच्या छोट्या टाकीवर जाई. नंतर इंजिनावर बसणारे व्हेन पंप आले. त्यांच्या दांड्यावर दोन सील आणि मधे बाहेर उघडणारी एक नळी असे, म्हणजे पहिले सील झिजले तरी पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये न जाता विमानाबाहेर थेंबथेंब पडे. ही नळी मला फार शहाणपणाची वाटते. सील कधीतरी झिजणारच हे आधी मान्य करून, झिजल्यावर कळावे याची सोय तिने केली.

१९६७ सालीच बॉशने डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी बाजारात आणली आणि विजेचा दाबाचा पंप मोटारीच्या रोजच्या वापरात आला. पुढे या पंपांत मोटर, ब्रश, कॉम्युटेटर सगळे पेट्रोलमध्येच बुडलेले असायचे. पहिल्यांदा ऐकताना छाती धडधडते. पण पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेटते. पंपाच्या पोटात हवाच नाही, मग पेटणार काय? दांडा बाहेर काढायची गरज संपली, म्हणून दांड्याचे सीलही संपले. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ही मोठी घटना आहे: सर्वांत अवघड सील चांगले करून सुटले नाही, ते अनावश्यक ठरले.

पंप निवडणे यानंतर सोपे वाटते. १३बीने विमानात १८० अश्वशक्ती दिली तर पूर्ण ताकदीवर ताशी सुमारे ६० लीटर पेट्रोल लागते. गाडीचा फवारणीचा पंप सुमारे ४० पीएसआय दाबाने त्याहून पुष्कळ जास्त देतो. उरलेले टाकीत परत जाते. परतीची नळी ज्या टाकीतून पेट्रोल घेतले त्याच टाकीत जायला हवी, नाहीतर दुसरी भरलेली टाकी व्हेंटमधून बाहेर सांडते. म्हणून टाकी निवडण्याची चावी दुहेरी लागते: एका वळणात जाणेही बदलते आणि येणेही. दोन पंप समांतर जोडले तर प्रत्येकापुढे उलट न जाणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर चालणारा पंप बंद पंपातून पेट्रोल मागे फिरवतो. गाळणीचेही तसेच. पंपाआधी जाड जाळी, पंपानंतर बारीक फिल्टर. बारीक फिल्टर आधी लावला की पंपाला ओढायला जड जाते.

या सगळ्याची मेख त्या ‘ओढण्या’त आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, दहा हजार फुटांवर साधारण दहा. थंडीत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या पेट्रोलचा बाष्पदाब ३७.८ अंश सेल्सिअसला १५ पीएसआयपर्यंत असू शकतो. विमानाच्या पेट्रोलचा साडेपाच ते सात. पंप इंजिनाशेजारी, गरम जागी बसवला आणि तो पंखातल्या खालच्या टाकीतून पेट्रोल ओढू लागला, तर नळीतला दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल तिथेच उकळते. व्हेनचा असो वा रोलरचा, पंप वाफ धड पुढे सरकवू शकत नाही. इंजिन बंद पडते. म्हणून जाणकार बांधणारे पंप टाकीच्या जवळ, पंखाच्या मुळाशी, शक्य तितका खाली आणि थंड जागी बसवतात.

सीलची खरी कसोटीही याच ओढणाऱ्या बाजूला लागते. दाबाच्या बाजूचा सांधा गळला तर पेट्रोल टपकते, वास येतो, निळसर डाग दिसतो. ओढणाऱ्या बाजूचा सांधा सैल असेल तर उडताना पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. डाग नाही, वास नाही. कारखान्यात आम्हीही वर्षानुवर्षे टपकण्यालाच गळती म्हणत आलो. घरच्या विमानवाल्यांनी न दिसणारी गळती वेगळी मानली आणि तिच्यासाठी वेगळी रीत पाडली: ओढणाऱ्या नळीत हलका हवेचा दाब भरायचा आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. निमुळत्या आट्यांवर पेट्रोलमध्ये न विरघळणारी पेस्ट, तीही पहिले एक-दोन आटे सोडून. ३७ अंशांच्या फ्लेअर फिटिंगवर काहीच नाही. तिथे धातू धातूवर बसतो. टेफ्लॉनची पट्टी कुठेही नाही, कारण तिचा एक धागा इंजेक्टर बंद करायला पुरतो.

मुलीकडे शिकागोला असताना मी ऑशकॉशला गेलो होतो. एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या माझदावाल्या विमानाचे झाकण काढून पंप दाखवले. मी सवयीने विचारले, ओ-रिंग कुठल्या रबराची? त्यांनी डब्यातून पाकीट काढले. त्यावर कंपाउंडचा क्रमांक होता आणि रबर कोणत्या वर्षी, कोणत्या तिमाहीत शिजवले तेही छापलेले होते. हा माणूस विकतच्या रिंगचा जन्म विचारून ती विमानात घालत होता. मला भरून आले.

त्या रिंगच्या मागेही माणसे आहेत. डेन्मार्कहून अमेरिकेत आलेल्या नील्स ख्रिस्टेनसेनला १९३९ साली ओ-रिंगचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या हायड्रॉलिकसाठी सरकारने ते सगळ्यांना खुले केले. पेट्रोल सोसणारे नायट्रिल रबर जर्मनीत १९३०च्या दशकात निघाले. व्हायटॉन हे रबर ड्युपाँने १९५७ साली आणले, वँकेलचे इंजिन पहिल्यांदा चालले त्याच वर्षी. नायट्रिल थंडीत चांगले. व्हायटॉन उष्णता आणि पेट्रोल दोन्ही जास्त सोसते, पण कडाक्याच्या थंडीत आखडते. आम्ही तुकडा अर्धे आयसोऑक्टेन, अर्धे टोल्युइन अशा मिश्रणात ७० तास बुडवून त्याचे आकारमान किती वाढले ते मोजायचो. थोडे फुगणे चालते, मऊ पडणे चालत नाही.

इथेनॉलने ही निवड पुन्हा अवघड केली. रोटरीला कमी ऑक्टेनचे पेट्रोल चालते, म्हणून बांधणारे मोटारीच्या पेट्रोलकडे वळतात. त्यात दहा टक्के इथेनॉल असले की बाष्पदाब साधारण एक पीएसआयने वाढतो आणि काही जुनी रबरे फुगतात. आपल्या साखर कारखान्यांचे इथेनॉल आता वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये आहे. जुनी स्कूटर सांभाळणाऱ्यांनी होज आणि डायफ्रामवर आजपासून लक्ष ठेवावे. स्कूटर थांबली तर ढकलत नेता येते, हाच काय तो फरक.

या साऱ्या रितींचा कळस म्हणजे पहिल्या उड्डाणाआधीची चाचणी. विमानाचे नाक चढताना जितके वर जाईल त्याहून पाच अंश अधिक वर उचलायचे, टाकीत थोडेच पेट्रोल ठेवायचे, इंजिनाशी येणारी नळी सोडवायची आणि प्रत्येक पंप वेगळा चालवून मापात पेट्रोल पाडायचे. गुरुत्वाने येत असेल तर गरजेच्या १५० टक्के आले पाहिजे, पंपाने येत असेल तर १२५. आपल्या १३बीसाठी ते ताशी ७५ लीटर. आकडा वहीत तारखेसह लिहायचा. वँकेलपासून यामामोतोंपर्यंत सगळ्यांनी जे केले तेच इथे घडते: न दिसणारी गोष्ट मोजून समोर आणणे. सील करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो विमानाजवळ कधी जाणार नसला तरी, ही चाचणी शिकून घ्यावी. आपण बंद केलेला सांधा खरोखर बंद आहे, हे मोजल्याशिवाय म्हणायचा कोणालाही अधिकार नाही.