शिंगाचे दुखणे आणि सदाफुली

दिवाळीची पहिली पणती आपण लावतो ती गाय-वासरापुढे. वसुबारस आधी, लक्ष्मीपूजन मागाहून. हा क्रम ज्यांनी लावला त्यांना घर कशावर चालते हे पक्के ठाऊक असले पाहिजे. तापीकाठच्या खानदेशात तर ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नसे. कपाशीची गाडी जिनापर्यंत ओढायची ती बैलाने; आणि श्रावणी अमावास्येला त्याच्या शिंगांवर रंग, बेगड आणि शेंब्या चढायच्या त्या या ऋणाची आठवण म्हणून. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) पोळ्यावर गाणे सुचले ते काही उगीच नव्हे.

पण ज्या शिंगाचे एवढे कौतुक, त्यातच या जनावराचा एक वैरी लपतो. शिंगाचा कर्करोग हे प्रामुख्याने आपल्या वशिंडाच्या गुरांचे दुखणे. म्हशींत ते क्वचित आढळते. गाईंपेक्षा बैलांत कितीतरी अधिक, आणि तेही पाच ते दहा वर्षांच्या, ऐन उमेदीच्या बैलात. शिंग बाहेरून टणक दिसले तरी आत पोकळ असते, व ती पोकळी कपाळाच्या हाडातील पोकळीला जोडलेली असते. तिच्या अस्तरात रोगाचे बीज पडते. बैल डोके झटकू लागतो, शिंग खुंट्याला घासतो, मान एका अंगाला कलती धरतो; त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी येते. पुढे शिंग मुळाशी मऊ पडते, वाकते. संशय पुष्कळांवर घेतला गेला: जुवाचे घासणे, शिंगे तासण्याची रीत, रंग, खच्चीकरण. खरा गुन्हेगार मात्र अजून निर्विवादपणे सापडलेला नाही. शेतकऱ्याला कळते ते इतकेच, की जोडी फुटली आणि पेरणी अडली.

पूर्वी अशा वेळी डाग देत, पाला बांधत आणि देवाला नवस बोलत. शास्त्रीय पशुवैद्यक आपल्याकडे सावकाश आले. मुंबईत प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास आळा घालणारी संस्था १८७४ साली निघाली. पेटिट घराण्याच्या दानातून परळला बाई साकरबाईंच्या नावाचा जनावरांचा दवाखाना उभा राहिला, आणि तेथेच २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. या साऱ्यांची पहिली लढाई होती बुळकांडीशी. बुळकांडी शिरली की गावेच्या गावे गोठ्यांसकट ओस पडत. कर्करोग हे एकेका दावणीचे दुःख. त्याची पाळी उशिरा आली, यात नवल नाही. (त्या बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ साली झाली.)

त्याच परळात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. माणसांच्या कर्करोगाचे घर आणि मुक्या जनावरांचे घर असे शेजारी आले. पुढे दोघांच्या उपयोगी पडले ते एक औषध, आणि त्याचा उगम आपल्या ओळखीचा आहे. १९५२ साली जमैका बेटावरून कॅनडात सदाफुलीची पाने पोचली. तेथे ती मधुमेहावर देत. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवर प्रयोग केला; साखर उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने उतरल्या. चाणाक्ष माणूस अपेशातही काही पाहतो. नोबल व चार्ल्स बीअर यांनी त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हाती आणले. त्याचे भावंड व्हिनक्रिस्टिन अमेरिकेत १९६३ साली वापरात आले.

आज शिंगाच्या कर्करोगावर डोळा व शिंग यांमध्ये टोचून भाग बधिर करतात, शिंग मुळापासून काढतात आणि व्हिनक्रिस्टिन शिरेतून देतात. कुत्र्यांत एक विलक्षण गाठ असते, जी एकाकडून दुसऱ्याकडे जिवंत पेशींनीच पसरते. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या त्या पेशी आजही जगभर जगत आहेत. नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने १८७६ साली ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. तीही बहुधा व्हिनक्रिस्टिनच्या काही साप्ताहिक मात्रांनी विरघळते. मात्र अंगणातली सदाफुली कुटून कोणी जनावराला घालू नये. पाला विषारी आहे, आणि शुद्ध औषधही शिरेबाहेर सांडले तर मांस जाळते.

महालक्ष्मीला २०२४ साली टाटा न्यासाचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. पण जळगावाहून मुंबई सुमारे ४२० किलोमीटर. धुळ्याच्या गोठ्यातला बैल काही आगगाडीत बसत नाही. त्याचे आयुष्य ठरते ते तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात, आणि त्याहीआधी धन्याच्या नजरेत. नाकपुडीतून पहिले रक्ताळ पाणी दिसताच जो बैलाला डॉक्टरांकडे नेतो, त्याचा बैल पुष्कळदा वाचतो. अशा बैलाला पोळ्याच्या दिवशी एकच शिंग रंगवावे लागते. पण त्या एका शिंगामागे धन्याची जागी नजर, परळची विद्या आणि जमैकाची पाने, सारीच उभी असतात.