मोसमी वाऱ्याचे मूळ



मृग लागला की आपले डोळे आभाळाकडे लागतात. नैर्ऋत्येचा वारा सुटला तर पाऊस, आणि पाऊस आला तर पेरणी! पण हा वारा सुटतो तरी कशाने?

अरबी समुद्रावरच्या खलाशांना वारा केव्हा फिरतो हे पूर्वापार ठाऊक होते. त्याच्याच भरवशावर ते मलबारला येत आणि वारा उलटला की परत जात. ‘मोसमी’ हा शब्दही अरबी ‘मौसिम’, म्हणजे ऋतू, यावरूनच आला. वारा का फिरतो, हे मात्र कोडेच होते.

१६८६ साली एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाने वाऱ्यांचा नकाशा छापला. प्रसिद्ध धूमकेतूला ज्याचे नाव आहे, तोच हा हॅली. त्याने कारण सांगितले ते सूर्याच्या उष्णतेचे. हवा तापली की फुगते, विरळ होते. मग ती हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला थंड, जड हवा धावून येते. तोच वारा.

पाण्याचेही तसेच. उन्हाळ्यात विहिरीत बुडी मारा. वरचे पाणी कोमट, खालचे गार. तापलेले पाणी हलके, म्हणून ते वरच राहते. मात्र पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते. वैशाखात जमीन भाजून निघते, समुद्र तेवढा तापत नाही. म्हणूनच समुद्रावरची हवा बाष्प घेऊन जमिनीकडे येते. कोकणात हा खेळ रोजचाच आहे : दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे.

पण वारे तिरपे का वाहतात? याचे कारण पृथ्वीच्या फिरण्यात आहे, असे जॉर्ज हॅडली या लंडनच्या वकिलाने १७३५ साली दाखवले.

हे ज्ञान नुसते पुस्तकी नव्हे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मेली. त्यानंतर हवामान खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ आणि पाऊस यांचा संबंध तपासला. बर्फ फार पडला तर जमीन उशिरा तापते आणि पाऊस कमी होतो, असा त्यांचा विचार होता. त्यावरून १८८६ पासून पावसाचे अंदाज नियमित निघू लागले. आज अंदाज बांधताना दूरच्या प्रशांत महासागराचे पाणी किती तापले आहे, हेही पाहतात.

गुरुजी, एका परातीत कोरडी माती आणि दुसरीत पाणी घालून दोन्ही उन्हात ठेवा. दुपारी मुलांना हात लावून पाहू द्या. मोसमी वाऱ्याचे मूळ त्यांच्या बोटांना कळेल.