दोन दोर : किनारा, चर्च आणि वाट्याचा प्रश्न

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा दोराला पुष्कळ हात लागतात. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची, अशी ही पद्धत. जाळ्याचा, होडीचा, श्रमाचा वाटा ठरलेला असतो. दोराला हात लावणाऱ्या बाहेरच्या माणसालाही थोडी मासळी मिळते. माझी आजी वस्तीतल्या बायांबरोबर दोर ओढायला जाई. ती सांगायची, "दोर ओढताना जात आड येय नाय, वाटो घेताना मात्र येय." तिचा वाटा टोपलीत वरून, अंतर राखून टाकला जाई. आणि गावच्या विहिरीवर तर तिला दोरालाही हात लावता येत नसे.

त्या घरातला मी पहिला पदवीधर. आज महाविद्यालयात इतिहास शिकवतो. 'निसर्गाचे रक्षण' हा शब्द ऐकला की मला हे दोन दोर आठवतात, एक रापणीचा आणि एक विहिरीचा.

निसर्गाविषयी ख्रिस्ती माणसाची जबाबदारी काय, हा वाद जगभर झाला आहे. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये आरोप केला की, मनुष्य हा सृष्टीचा स्वामी ही ख्रिस्ती शिकवण आजच्या पर्यावरणीय संकटाच्या मुळाशी आहे. ख्रिस्ती विचारवंतांनी उत्तर दिले की, उत्पत्तीच्या पुस्तकातच मनुष्याला बाग राखण्याचे काम दिले आहे. जुन्या करारात आणखीही आहे : जमीन देवाची आहे, पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जावी, शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडावे. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा नाश आणि गरिबांची परवड हा एकच प्रश्न मानला. हे सर्व स्वागतार्हच आहे. परंतु धर्मग्रंथात काय लिहिले आहे एवढ्यावर इतिहासाचे भागत नाही. प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा कोण उभे राहिले, हे त्याला पाहावे लागते.

असा प्रसंग आमच्या शेजारी गोव्यात आला. १९५२ मध्ये केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाचा करार झाला आणि यांत्रिक मासेमारीचा मार्ग खुला झाला. परदेशात कोळंबीला भाव मिळू लागताच भांडवलदारांचे ट्रॉलर किनाऱ्याला भिडले. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. लहान पिल्लेही त्यातून सुटत नाहीत. रापणकारांची जाळी रिकामी येऊ लागली. १९७० च्या दशकात गोव्याचे रापणकार संघटित झाले. त्यांत ख्रिस्ती होते तसेच हिंदूही होते. माथानी साल्ढाणा या ख्रिस्ती शिक्षकाने त्यांचे नेतृत्व केले. पुढे देशभरच्या पारंपरिक मच्छिमारांची संघटना उभी राहिली, आणि केरळात थॉमस कोचेरी या धर्मगुरूने मच्छिमारांच्या लढ्यात आयुष्य घातले. १९८९ मध्ये या मच्छिमारांनी पाणी वाचवा, जीवन वाचवा ही हाक देत कन्याकुमारीपर्यंत यात्रा काढली.

या रेट्यातूनच कायदे झाले. गोव्यात आणि केरळात १९८० साली, महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे आले आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात ट्रॉलरला बंधने पडली. १९८१ हेच सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जन्माचेही वर्ष. तथापि, कायदा कागदावर आणि ट्रॉलर पाण्यावर, असेच पुष्कळदा घडले. पर्ससीन जाळी आली तेव्हा मालवणच्या पारंपरिक मच्छिमारांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारी वर्षातल्या काही महिन्यांपुरती मर्यादित झाली; २०२१ मध्ये दंड वाढले. दुसरीकडे १९८७ मध्ये सरकारने मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा सागरी पट्टा अभयारण्य म्हणून घोषित केला, तेव्हा मच्छिमारांनी विरोध केला. प्रवाळाचे रक्षण त्यांना नको होते असे नव्हे. त्या रक्षणाची किंमत आपल्याच पोटातून वसूल होईल, ही त्यांची भीती होती.

मग आमचा प्रश्न काय? गोव्यातल्या गावकरी व्यवस्थेत गावच्या जमिनीवरचा हक्क मूळ गावकऱ्यांच्या वंशजांकडे असे. कित्येक गावकरी ख्रिस्ती झाले, धर्म बदलला, तरी हा वंशपरंपरेचा हक्क आणि त्याबरोबरची जात मागे राहिली नाही. किनाऱ्यावर भांडवलाविरुद्ध उभा राहणारा ख्रिस्ती माणूस गावात जातीविरुद्धही तेवढाच उभा राहिला काय? आणि हाच प्रश्न हिंदू मच्छिमारालाही विचारायला नको काय? समुद्र सर्वांचा म्हणणाऱ्याने विहीरही सर्वांची म्हटली पाहिजे.

नैसर्गिक संपत्तीच्या न्याय्य वापराचा पहिला मोठा लढा कोकणातच झाला, हे आपण विसरतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. जनावरांना मोकळे असलेले ते पाणी माणसांना बंद होते. १९३७ मध्ये त्यांनीच खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आधी पाणी, मग जमीन. पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकात या दोन घटना मी अजून पाहिलेल्या नाहीत.

म्हणून ख्रिस्ती बांधवांना माझे सांगणे आहे, आणि ते बौद्धांना व हिंदूंनाही लागू आहे. सृष्टी राखणे हे पुण्यकर्म म्हणून करू नका. आधी वाटा कोणाचा बुडाला ते मोजा. चर्चच्या, देवळाच्या, संस्थेच्या ताब्यात जी जमीन आणि जे पाणी आहे, तिथून मोजायला सुरुवात करा. माझ्या आजीने दोर ओढला होता. तिला मासळी मिळाली, मान मिळाला नाही. तिचे ते येणे अजून बाकी आहे.