बंद्या रुपयांचा कप

इंग्लंड आणि स्कॉटलंडचे रग्बी संघ दरवर्षी ज्या चषकासाठी झुंजतात, तो आपल्याकडचे चांदीचे रुपये आटवून घडवलेला आहे. उंची जेमतेम दीड फूट, तीन मुठींच्या जागी तीन नाग आणि झाकणावर हत्ती. नाव ‘कलकत्ता कप’.

तो ज्या क्लबाने दिला, त्याची हकीकत थोडक्यात अशी. 1872च्या नाताळात कलकत्त्यातल्या गोऱ्यांनी रग्बीचा सामना खेळला, पुढच्याच महिन्यात क्लब काढला आणि बघता बघता 137 सभासद झाले. पण पलटणीची बदली झाली, उकाड्यात मंडळी टेनिस-पोलोकडे वळली, फुकट दारू बंद झाल्यावर तर गळती वाढली, आणि चार-पाच वर्षांत क्लबाने गाशा गुंडाळला.

शिल्लक मात्र चोख होती. जेम्स रॉथनी या एकाच गृहस्थांकडे कप्तानी, चिटणिशी आणि खजिना होता. त्यांच्या सूचनेवरून बँकेतले पैसे रोख रुपयांत काढले, आटवले आणि 1878मध्ये चषक इंग्लंडच्या रग्बी युनियनकडे पोचता केला.

पण रुपये आटवले कशासाठी? एक तर्क हुंडणावळीचा. जर्मनीने सोन्याचं चलन धरल्यापासून चांदी घसरत होती. विलायतेला पैसे पाठवायचे तर पौंड कमी हाती येणार. हे खरं, पण तेवढ्यासाठी नाणी मुशीत घालायची गरज नव्हती. कलकत्त्यातल्या दुकानातून तयार कप विकत घेता आला असता. मला वाटतं, ही कल्पना सोनाराच्या पेढीवरची आहे. बंदे रुपये मोजून द्यायचे आणि त्याच चांदीचा दागिना करून घ्यायचा, ही रीत इथे घरोघर होती. रुपया वजनाला बरोबर एक तोळा, त्यात बारांत अकरा भाग चांदी. कस लावायला नको, वजन करायला नको. शिवाय तेव्हा कोणीही टाकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे, त्यामुळे नाण्याची किंमत आतल्या चांदीच्या किमतीजवळच राही. 1893मध्ये ती सोय बंद झाली आणि रुपया आतल्या चांदीहून महाग ठरू लागला. पंधरा-वीस वर्षांनी असा कप करणं आतबट्ट्याचं झालं असतं.

आकड्यांचा एक गुंता उरतो. शिल्लक साठ पौंड होती असं सांगतात, आणि आटवलेले रुपये 270 असंही सांगतात. त्या वेळी रुपयाला पावणेदोन शिलिंगांच्या आसपास भाव होता; म्हणजे साठ पौंडांचे पावणेसातशेच्या वर रुपये झाले. दोन्ही आकडे खरे धरले तर उरलेले चारशे गेले कुठे? माझ्या मते घडणावळीत. 270 तोळे म्हणजे तीन किलोहून थोडी जास्त चांदी. कपाला ती पुरते. बाकीचे पैसे नागांच्या फण्यांनी आणि हत्तीने खाल्ले असणार. ते काम पाहिलं की मजुरी जास्त वाटत नाही.

रॉथनींच्या मनात इंग्लंडमधल्या क्लबांसाठी फुटबॉलच्या एफए कपासारखी स्पर्धा होती. युनियनला क्लबांमध्ये अशी चुरस नको होती, म्हणून चषक दोन देशांच्या सामन्याला जोडला गेला. 10 मार्च 1879 रोजी एडिंबराला पहिली लढत झाली, ती बरोबरीत सुटली. 1988मध्ये दोन खेळाडूंनी त्याच शहरात नशेत रस्त्यावर तो इतका आपटला की चांदी चेपली. कारागिरांनी पुन्हा ठोकून सरळ केली.

कलकत्त्यातला क्लब 1884मध्ये नव्याने उभा राहिला. 1965मध्ये तो तिथल्या जुन्या क्रिकेट क्लबात मिसळला आणि त्या एकत्रित क्लबात रग्बी आजही चालू आहे.