नाद आणि निर्वाह

धुळे-सोलापूर रस्त्यावर पैठण तालुक्यात पाचोड नावाचे आमचे बाजाराचे गाव आहे. तेथे आमच्या घराच्या परसात एक जुना लोखंडी नांगर पुष्कळ वर्षे भिंतीला टेकून उभा होता. तो आजोबांनी घेतलेला. काळ्या रानात तो ओढावयास बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत, आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची मनधरणी करण्यात वडिलांचा अर्धा दिवस जाई. त्या नांगरावर उठावाची अक्षरे ओतलेली होती. आम्ही मुले त्यांवरून बोट फिरवीत असू. ते नाव 'किर्लोस्कर' असे आहे, हे वाचता येऊ लागल्यावर समजले. परंतु त्या नावाच्या आरंभी नांगर नसून सायकल होती, ही गोष्ट मला मास्तर झाल्यावरच कळली. तीच हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

आपल्या भाषेत 'नाद' हा शब्द बहुधा निंदेचा आहे. मुलाला एखाद्या गोष्टीचा नाद लागला, म्हणजे तो हातचा गेला असेच वडील माणसे समजतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या वडिलांनाही असेच काहीसे वाटले असावे. लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे, याच घराण्यातले. एका लहानशा गावाने महाराष्ट्राला नाटकही द्यावे आणि नांगरही द्यावा, हा योग मोठा मौजेचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. ते रमे चित्रांत आणि यंत्रांत. चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस जाण्याची त्याची इच्छा वडिलांना रुचली नाही. थोरले बंधू रामूअण्णा यांनी खर्चाचा भार उचलला, तेव्हा १८८५ साली हा मुलगा जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

तेथे दैवाने विचित्र आघात केला. रंगांतील सूक्ष्म भेद आपल्या डोळ्यांना नीट उमगत नाहीत, असे त्यांना आढळून आले. चित्रकाराच्या बाबतीत यापरते दुसरे दुर्दैव कोणते? रंग सुटले, रेषा मात्र हाती राहिली. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून दरमहा ४५ रुपयांवर लागले. शाळेची वेळ संपली की कर्मशाळेत जाऊन यंत्रे उघडावयाची, जोडावयाची, पुन्हा उघडावयाची, हा त्यांचा क्रम असे. त्याबद्दल त्यांना कोणी एक पैही देत नव्हते.

मुंबईच्या रस्त्यात एका पारशी गृहस्थाला दुचाकीवरून जाताना त्यांनी पाहिले, आणि ते वाहन त्यांच्या मनात भरले. ते स्वतः चालवावयास शिकले. येथवर हा नादच. निर्वाहाचा विचार त्यापुढचा. मुंबईस सायकली घ्यावयाच्या आणि बेळगावास पाठवावयाच्या. तेथे रामूअण्णांनी त्या विकावयाच्या, अशी दोघा भावांनी वाटणी केली. या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून धरतात तो या दुकानामुळे. एका सायकलीस ७०० ते १००० रुपये पडत, आणि ती चालविण्यास शिकविण्याची फी १५ रुपये असे. मास्तरकीची सवय असल्यामुळे मी येथे थोडे गणित करतो. ४५ रुपये पगाराच्या शिक्षकाला ७०० रुपयांची सायकल म्हणजे साडेपंधरा महिन्यांचे वेतन, आणि १००० रुपयांची म्हणजे बावीस महिन्यांहूनही अधिक. शिकवणीची फी त्याच्या दहा दिवसांच्या कमाईइतकी! अर्थात गिऱ्हाईक श्रीमंतच असणार आणि थोडेच असणार. परंतु विकणारा स्वतः त्या यंत्राचा खिळा न खिळा ओळखणारा आहे, ते बिघडले तर दुरुस्तही करील, हा विश्वास त्या किमतीत समाविष्ट होता. ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्याला पुढे किर्लोस्कर रोड असेच नाव पडले.

आता मला जी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते ती ही, की दुकान चालू झाले तरी लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली नाही. पुष्कळ वर्षे ते शिकवीतच राहिले. नोकरी सोडली ती १८९७ साली, मिळावयाची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसास देण्यात आली तेव्हा. आमच्याकडे या प्रसंगातील मानी बाणाच तेवढा वाखाणला जातो. तो होताच, परंतु बेळगावास भावाने जपलेले दुकान नसते, तर हा बाणा किती दिवस टिकता, याचा विचार कोणी करीत नाही. रामूअण्णांचे नाव अशा कथांत नेहमी दुसऱ्या ओळीत येते. मला ते पहिल्या ओळीत घालावेसे वाटते.

येथे एक कबुली देऊन टाकतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. दप्तरात पुस्तकांखाली पाना आणि तारा दडवून तो शाळेत येई. बाकाखाली कोणाचा तरी बिघडलेला रेडिओ उघडून बसे. मी त्याचा पाना जप्त केला, आणि वडिलांना बोलावून 'याचा हा नाद सोडवा' असे बजावले. दहावीत तो नापास झाला. आज तो गावात विहिरीवरच्या मोटारी भरून देतो, आणि हंगामात त्याच्या दारात शेतकऱ्यांची रांग असते. गेल्या उन्हाळ्यात आमची मोटार जळाली, ती त्यानेच भरून दिली. पैसे घेईना. पान्याचा विषय त्याने काढला नाही, आणि मलाही काढवला नाही.

असो. सायकली विकणारे दुसरेही निघाले, तेव्हा बंधूंनी सॅमसन पवनचक्क्यांची विक्री व उभारणी हाती घेतली. परक्यांचा माल विकण्यापेक्षा स्वतः काही घडवावे, ही मूळची ओढ मात्र शमेना. लहानशा कर्मशाळेत प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि नंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन उकरतो, उलथीत नाही. त्यामुळे हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल तशीच राहतात. लोखंडी नांगर मातीचा थर पालथा घालतो. हे ऐकावयास सोपे; पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. दोन वर्षे नांगर जवळपास तसेच पडून राहिले. आपल्या मनाला आवडलेली वस्तू आणि जगाला हवी असलेली वस्तू यांत केवढे अंतर असते, याची जाणीव या दोन वर्षांनी त्यांना करून दिली असेल. सायकलीच्या वेळी हौशी लोक चालून आले होते. येथे भीत भीत पैसा मोजणारा शेतकरी होता.

नांगर कोठे खपू लागतात, तोच बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. गावाच्या वाढीसाठी ती हवी होती. कारखाना असा उघड्यावर पडला असता औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ देऊ केले. १९१० च्या मार्चात मंडळी तेथे उतरली, तेव्हा ते निवडुंगाचे आणि सापांचे माळरान होते. वस्तीची आखणी रामूअण्णांनीच केली. रखवालीस जी माणसे नेमली त्यांत शिक्षा भोगून आलेले लोक होते, आणि त्यांनी ती रखवाली इमानाने केली. पहिल्या महायुद्धात परदेशी कोळसा व लोखंड येईनासे झाले, तेव्हा भट्टीत लाकडे घातली आणि कोल्हापूरच्या किल्ल्यांवरील निकामी तोफा मिळवून वितळविल्या. तोफांचे नांगर झाले, हे एखाद्या कवीच्या तोंडी शोभावे असे वाक्य. परंतु येथे ते जमाखर्चाच्या वहीतले आहे.

पुढचा विस्तार सर्वांस ठाऊक आहे. १९२० साली सुरू झालेले 'किर्लोस्कर खबर' हे मासिक तर यंत्रे वापरणाऱ्यांच्या घरांतून सुशिक्षितांच्या माजघरापर्यंत जाऊन पोहोचले. लक्ष्मणराव १९५६ च्या सप्टेंबरात वारले. पूर्वी ज्या स्थानकास कुंडल रोड म्हणत, त्याच्या फलकावर आता किर्लोस्करवाडी असे नाव आहे. आमच्या परसातील तो नांगर मात्र गावात ट्रॅक्टर आल्यावर भंगारवाल्याने वजनावर नेला. मी त्या दिवशी शाळेत होतो.