तंजावरचे सेनापती मानोजी : शपथ आणि सरहद्द

दोन सत्तांच्या सीमेवरील सेनानी म्हटले की तुलनाकारास स्कॉटलंडचे सरहद्दीवरील उमराव आठवतात. त्यांची कीर्ती लोकगीतांनी राखली. तंजावरच्या प्रतापसिंह भोसले (कारकीर्द १७३९–१७६३) यांचे सेनापती मानोजी यांचे चरित्र मात्र आपल्यापर्यंत येते ते मुख्यतः रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या लेखणीतून, आणि तेही एका शपथभंगाभोवती गोठलेले.

१७४९ च्या अखेरीस चंदासाहेबाने फ्रेंचांच्या साह्याने तंजावरला वेढा घालून खंडणी मागितली होती. ती आच कावेरीकाठची गावे विसरली नसावीत. १७५२ मध्ये मानोजी इंग्रज व महंमद अली यांच्या बाजूने उतरले. श्रीरंगमच्या पूर्वेकडील कोविलडी त्यांनी घेतले आणि बेटावरील फ्रेंचांची कोंडी घट्ट झाली. जूनमध्ये चंदासाहेब अभयवचनावर त्यांच्या स्वाधीन झाला. लगेच कैद झाला, आणि त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

ऑर्म हा दोष मानोजींवर ठेवतो. तथापि त्याच्याच वृत्तांतात दिसते की कैदी कोणाच्या हाती द्यावा यावर नबाब, म्हैसूरकर, मुरारराव घोरपडे व इंग्रज यांचे एकमत झाले नाही. वचन मोडले, हे नाकारता येत नाही. परंतु कैद्याला जिवंत ठेवण्याची किंमत छोट्या राज्यालाच मोजावी लागली असती. बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा मराठी शिलालेख भोसले राजवंशाची कथा सांगतो. सेनापतीचे चरित्र वाचायचे तर त्या राजकथेच्या आणि ऑर्मच्या निवाड्याच्या मधल्या जागेतच वाचावे लागते.